कडाबीन, काडतूस आणि फुसका बार

आपल्या मंडळात शिलालेख वाचणारे आहेत, मोडी वाचणारे आहेत. मी त्यातला नाही. उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं डाय, पंच आणि पॉवर प्रेस यांच्यात गेली. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर गंजलेलं लोखंड सापडलं की ते माझ्याकडे येतं. इतिहासाचं जे थोडंफार कळतं, तेही लोखंडाच्या वाटेनंच कळलेलं. आजचं टिपण त्याच वाटेचं आहे, फक्त यातलं लोखंड बेळगावचं नाही, अमेरिकेचं आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं टेक्सासमध्ये भाच्याकडे दोन महिने राहिलो. तो आता तिथला नागरिक आहे. दुसऱ्याच दिवशी त्यानं विचारलं, “मामा, तुम्ही डाय-पंचवाले. मला नेमबाजीसाठी एक कार्बाइन घ्यायची आहे, पिस्तुलाचंच काडतूस चालणारी. आणि काडतुसं घरी भरायचा प्रेस. दुकानात इतके प्रकार आहेत की डोकं चालत नाही. तुम्ही बघून सांगा की.”

आधी मी हसलो. मग रात्री झोप येईना म्हणून विचार करत बसलो, आणि लक्षात आलं की या प्रश्नात दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

शब्द आपल्या ओळखीचे

कार्बाइन हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या मराठीत ‘कराबीन’ किंवा ‘कडाबीन’ म्हणजे आखूड नळीची बंदूक. पोर्तुगीज ‘काराबिना’वरून तो आला असं मानतात. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हेही त्याच गलबतातून उतरलेले. घोड्यावर लांब बंदूक सांभाळत नाही, म्हणून स्वाराला आखूड हवी, एवढाच कडाबिनीचा मूळ अर्थ.

आपल्या पिढीनं कार्बाइन पाहिली ती पोलिसांच्या खांद्यावर. ब्रिटिश स्टर्लिंगच्या रचनेची, कानपूरच्या कारखान्यात बनलेली, ९ मिलिमीटर पिस्तुलाचं काडतूस खाणारी. ती मात्र सरकारी, आपोआप गोळ्या झाडणारी वस्तू. भाचा ज्याबद्दल विचारत होता ती खेळाची कार्बाइन वेगळी. दर गोळीला चाप वेगळा ओढावा लागतो.

एक काडतूस, दोन हत्यारं

पिस्तुलाचं काडतूस लांब नळीत कशासाठी? याचं पहिलं मोठं उत्तर १८७३ सालचं आहे. त्या वर्षी विंचेस्टर कंपनीनं खालच्या दांडीनं भरायची आपली प्रसिद्ध रायफल काढली आणि तिच्यासाठी ‘४४-४०’ हे काडतूस आणलं. ४४ म्हणजे नळीचा अंदाजे व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. ४० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. काही वर्षांनी कोल्ट कंपनीनं हेच काडतूस घेणारं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेला एकच पट्टा, एकाच मापाची काडतुसं, आणि ती दोन्ही हत्यारांत चालतात. गावापासून चार दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्याला ही सोय केवढी मोठी असेल!

ग्रेन म्हणजे किती, हे सोनाराच्या भाषेत सांगतो. ब्रिटिशांनी ठरवलेला तोळा १८० ग्रेनचा. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. म्हणून एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. ४४-४० ची दारू झाली साधारण एकवीस गुंजा. तिची गोळी २०० ग्रेनची, म्हणजे एक तोळा नि वर जेमतेम अकरा गुंजा. गंमत अशी की ग्रेन हा मूळचा धान्याचा दाणा आणि गुंजही बीच. तिकडचे आणि इकडचे दोघंही बियांनीच मोजत होते.

‘एक काडतूस, दोन हत्यारं’ ही कल्पना आपल्या जवळही आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवलं. त्या रायफलीतलं .२२ चं काडतूस आणि २५ मीटर पिस्तूल स्पर्धेतलं काडतूस एकाच जातीचं, .२२ लाँग रायफल. पण ते घरी पुन्हा भरता येत नाही. त्याचा पेट घेणारा मसाला वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या कडेच्या पोकळीत असतो. चापाच्या ठोक्यानं कड चेपली की पुंगळी संपली. पुन्हा भरायचं तर मधोमध बदलता येण्याजोगी टोपी लागते. विंचेस्टरची १८६० च्या दशकातली आधीची रायफल कडेच्या टोपीची होती, ४४-४० मधल्या टोपीचं. त्या एका बदलानं शेतकऱ्याला स्वतःचं काडतूस स्वतः भरता आलं. कंपनीनंही बंदुकीबरोबर भरणीचा चिमटा आणि गोळीचा साचा विकायला सुरुवात केली.

खरं तर भरणी ही जुनीच गोष्ट. ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बंदूकवाला स्वतःच भरत होता. दारू, गोळी, गज, रंजक, सगळं त्याच्या हातात. कारखान्याचं काडतूस आलं तेव्हा ते काम हातातून गेलं, आणि मधल्या टोपीनं थोडं परत आणलं.

कार्बाइन कोणती?

भाच्यासमोर मुख्यतः दोन वाटा होत्या.

पहिली, ९ मिलिमीटरची स्वयंभरणी कार्बाइन. हे काडतूस १९०२ च्या सुमाराचं, जर्मन, आणि आज जगात सगळीकडे मिळणारं. फायदा असा की काही कार्बाइनींत पिस्तुलाचंच मॅगझिन बसतं. तिकडच्या वेगवान नेमबाजीच्या स्पर्धांत २०१६ पासून अशा कार्बाइनींचा वेगळा विभागही आहे. यंत्र म्हणून ती साधी. बहुतेकींत बोल्टला कुलूपच नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे बोल्ट जड असतो आणि एवढ्याशा काडतुसाच्या मानानं खांद्याला धक्का थोडा जास्त जाणवतो.

दुसरी, दांडीची कार्बाइन, .३५७ मॅग्नमची. हे काडतूस १९३५ चं. तिच्यात .३८ स्पेशल ही तिची थोरली आणि सौम्य बहीणही चालते. व्यास तोच, पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड. उलटं मात्र चालत नाही. .३८ च्या हत्यारात .३५७ घालायचं नाही, आणि लांबीतला तो फरक मुद्दाम त्यासाठीच ठेवलेला आहे. १६ इंचाच्या नळीत .३५७ चा वेग पिस्तुलापेक्षा बराच वाढतो, ९ मिमीचा त्या मानानं कमी वाढतो. १६ इंच का, तर त्याहून आखूड नळीच्या रायफलीला तिथल्या केंद्रीय कायद्यात वेगळी नोंदणी लागते.

दांडीच्या बंदुकीचं एक पथ्य आहे. तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागोमाग एक झोपतात. मागच्याची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकते. म्हणून टोकदार गोळी वापरायची नाही, चपट्या तोंडाचीच हवी. टोकदार गोळीनं धक्क्यात पुढची टोपी फुटू शकते.

मी त्याला तीन प्रश्न विचारले. महिन्याला किती गोळ्या झाडणार? घाई आहे की मजा? रिकाम्या पुंगळ्या गोळा करणार का? तो म्हणाला, महिन्यातून दोनदा, शंभर-दीडशे. घाई नाही. पुंगळ्या करणारच, नाही तर भरू काय?

मग उत्तर सोपं झालं. ९ मिमीची काडतुसं कारखान्यात इतकी निघतात की घरी भरून फारसं वाचत नाही. शिवाय स्वयंभरणी कार्बाइन पुंगळ्या गवतात भिरकावते. दांडीची बंदूक हळूच बाजूला टाकते, हात पुढे केला तर तळव्यात पडते. .३८ आणि .३५७ विकत महाग, भरून स्वस्त. मी दांडीची .३५७ सुचवली. जुन्या वळणाची ४४-४० ची नवी प्रत त्याला मोहात पाडत होती, पण तिच्या पुंगळीला मान आहे आणि तिथलं पितळ पातळ. नवशिक्याच्या हातात ती चुरगळते.

भरणी म्हणजे नेमकं काय

काडतुसात चार वस्तू: पितळी पुंगळी, टोपी, दारू, गोळी. बार उडाल्यावर परत मिळते ती फक्त पुंगळी. ती दाबानं फुगलेली असते. पहिल्या डायमध्ये ती पुन्हा मापात येते आणि जळकी टोपी बाहेर पडते. नवी टोपी बसते. दुसरी डाय तोंड किंचित फाकवते. दारू पडते. शेवटची डाय गोळी बसवते आणि तोंड पुन्हा आवळते. आमच्या प्रेसशॉपमध्ये हेच तर करायचो. सायझिंग, फ्लेअरिंग, क्रिम्पिंग, शब्दसुद्धा तेच.

सरळ पुंगळीला एक सुख आहे. डायमध्ये टंगस्टन कार्बाइडचं कडं बसवलेलं असेल तर पुंगळीला तेल लावावं लागत नाही. मानेच्या ४४-४० ला ते सुख नाही, प्रत्येक पुंगळी तेलवायची आणि पुसायची. म्हणून .३८ साठी कार्बाइडची डाय घे, तिथं पैसे वाचवू नकोस, असं मी सांगितलं.

यंत्र कोणतं?

सगळ्यात जुनं घराणं चिमट्याचं. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली. तिचा पकडीसारखा चिमटा खिशात मावायचा. १९२५ मध्ये लायमन कंपनीनं आयडियल घेतली आणि चिमटा पुढेही चालू ठेवला. दुसरं, ली कंपनीचं हातोडीनं ठोकून भरायचं छोटं खोकं. स्वस्त, पण पड्यानो, शेजारी झोपलेत का ते बघून वापरायचं.

टेबलाला बसवायच्या प्रेसचे तीन प्रकार. पहिला एकडायी, एका वेळी एकच काम. दुसरा फिरत्या डोक्याचा, डाय वर फिरतात, पुंगळी जागेवर. तिसरा प्रगत चक्राचा, दांडी एकदा ओढली की चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच कामं एकदम होतात आणि एक तयार काडतूस बाहेर पडतं. ॲरिझोनातल्या डिलन कंपनीचं नाव या तिसऱ्या प्रकारात मोठं.

एका गोष्टीनं मला फार बरं वाटलं. बहुतेक कंपन्यांच्या डायचा आटा एकच, पाऊण इंचाच्या वर अर्धपाव, म्हणजे ७/८ इंच, इंचाला १४ आटे. एकाचा प्रेस, दुसऱ्याची डाय, बिनतक्रार बसते. चांगल्या मापाचं हेच लक्षण.

भाचा तिसऱ्या प्रकारावर भाळला होता. मी म्हटलं, तू महिन्याला तीनशेच भरणार, चक्र कशाला? एकडायी घे, बंद चौकटीचा. उघड्या चौकटीचा प्रेस जोर लागला की थोडा उघडतो, हे आम्ही रोज पाहिलेलं. त्याबरोबर चांगला तराजू, तपासणीची वजनं, व्हर्निअर आणि छापील भरणीचं पुस्तक. दारूचं माप मित्राच्या तोंडून घ्यायचं नाही, पुस्तकातून घ्यायचं. तो ‘बरं’ म्हणाला. मनातून पटलेलं नव्हतं.

फुसका बार

प्रेस यायला वेळ होता. कार्बाइन आली. तिसऱ्या शनिवारी आम्ही मैदानावर गेलो. काडतुसं होती त्याच्या एका मित्राच्या चक्री प्रेसवर भरलेली, .३८ ची.

मी स्वतः झाडणार नव्हतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्याला तिथं बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानं सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, ते माझ्याकडे नव्हते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांनाही हेच लागू होतं, आणि पुष्कळांना ते ठाऊक नसतं. मी मागे बाकावर कानावर बोंडं लावून बसलो.

ठो, टण. ठो, टण. पोलादी पाट्या वाजत होत्या. सातवा की आठवा बार ‘फुस्स’ झाला. पाटी वाजली नाही. भाच्याला वाटलं नेम चुकला. त्याचा हात दांडीवर गेला, रिकामी पुंगळी बाहेर पडली आणि नवं काडतूस आत सरकलं.

“थांब रे!” मी बाकावरून ओरडलो. त्या मैदानावर मराठीत कुणी ओरडलं असेल असं वाटत नाही. तो थांबला. चापावरचं बोट बाजूला आलं.

बंदूक रिकामी करून, कप्पा उघडा ठेवून तोंडातून पितळी गज घातला. तो पूर्ण जाईना. बाहेरून मोजलं तर गोळी कप्प्यापासून चार बोटं पुढे नळीत अडकलेली. त्या काडतुसात दारूच पडली नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी तिथवर गेली होती. पुढचा बार झाडला असता तर मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळली असती आणि नळी त्याच्या डाव्या हाताखाली फाटली असती.

आपण ‘फुसका बार’ म्हणतो ते हसण्यासाठी. निवडणुकीत पडलेला उमेदवार, न वाजलेली लवंगी. बंदुकीत मात्र मोठ्या आवाजापेक्षा फुसक्या आवाजालाच भ्यायचं. स्वयंभरणी कार्बाइन अशा वेळी बहुधा पुढचं काडतूस घेतच नाही, यंत्रच अडतं. दांडीच्या बंदुकीला ते कळत नाही, तिथं माणसानंच ऐकायचं असतं. ही बाजू मी निवड करताना भाच्याला सांगितली नव्हती. ती चूक माझी.

दुसरी शिकवण इतिहासाची. काळ्या दारूच्या काळात पुंगळी दारूनं गच्च भरायची. कमी पडली तर गोळी बसवतानाच पोकळी समजायची, दुप्पट टाकायची म्हटलं तर मावायची नाही. माप पुंगळीच सांभाळायची. बिनधुराची दारू आली आणि तेच काम बऱ्याचदा दोन-अडीच गुंजांत होऊ लागलं, पण पुंगळी जुन्याच आकाराची राहिली. आता आत पोकळीच जास्त. शून्य पडली तरी बाहेरून कळत नाही, दुप्पट पडली तरी मावते. यंत्रानं सोडलेली ती राखण आता डोळ्यांनी करावी लागते. आणखी एक, पिस्तुलासाठी फार सौम्य भरलेलं काडतूस कार्बाइनच्या लांब नळीत घर्षणानं अडकू शकतं. ‘एक काडतूस, दोन हत्यारं’ खरं, पण भरणी करताना दोन्ही नळ्या लक्षात ठेवायच्या.

गोळी एका बंदूक-कारागिरानं काढून दिली. नळी शाबूत होती. उरलेली काडतुसं भाच्यानं दोन रात्री गॅरेजमध्ये बसून एकेक उकलली. मी हात लावला नाही, वहीत आकडे लिहिले. आणखी एका पुंगळीत दारू नव्हती. दुसऱ्या रात्री त्यानं चक्री प्रेसचा विषय स्वतःच बंद केला. एकडायी प्रेसवर पन्नास पुंगळ्या दारू घालून एका फळीवर उभ्या राहतात, वरून बॅटरी मारून पन्नासही तोंडात बघता येतं, आणि मगच गोळ्या बसतात. हळू आहे, आणि ते हळू असणंच कामाचं आहे.

आपल्या खिशातली पुंगळी

परतीच्या आदल्या दिवशी बायकोनं माझं जाकीट झटकलं आणि विचारलं, “हे काय?” भाच्यानं आठवण म्हणून दिलेली एक रिकामी पितळी पुंगळी. मी विसरूनही गेलो होतो. अमेरिकन कायद्याच्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत रिकामी पुंगळीही येते, म्हणजे तिथंच मी चुकलो होतो. आणि ती घेऊन इथं उतरलो असतो तर?

आपला १९५९ चा शस्त्र कायदा उघडून बघा. ‘दारूगोळा’ या शब्दात काडतुसाचे भाग येतात, आणि दारूगोळा बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे जो प्रेस तिकडे ड्रिल मशीनशेजारी मांडून विकतात, तो आपल्याकडे कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा. किरकोळ सुट्या भागांना याच कायद्यात सवलत आहे, आणि नकळत बाळगलेल्या वस्तूचा विचार न्यायालयं करतात. पण ती सवलत विमानतळावर मागता येत नाही, कोर्टात मागावी लागते. तोवर विमान गेलेलं असतं. म्हणून तिकडे मैदानावर जाऊन आलेल्या प्रत्येकानं निघण्याआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करावा. मी ती पुंगळी भाच्याच्या टेबलावर ठेवून आलो.

मंडळातल्या सभासदांना एक विनंती. जुन्या वाड्यांत, ट्रंकांत गोळीचे साचे, पकडीसारखे चिमटे, टोप्यांचे डबे, हिरवी पडलेली काडतुसं निघतात. ती घासू नका, तापवू नका, पिशवीत घालून बैठकीला आणू नका. शंभर वर्षांची टोपीसुद्धा पेटू शकते. जागच्या जागी फोटो काढा, मापं लिहा, आधी पोलीस ठाण्यात कळवा. चिमटा कशाचा हे फोटोवरूनही सांगता येतं.

परवा भाच्याचा फोन आला. प्रेस बसला. म्हणाला, “मामा, पन्नास भरल्या. पन्नासही बघितल्या.” मी विचारलं, “दोनदा?” थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “थांबा, परत बघून सांगतो.”